थेंबबाबा आणि बदलीची गोळी

थेंब पडला आणि दीडशे माणसांनी एकदम श्वास रोखला. लॅबआत्यानंही रोखला, पण त्याचं कारण पुढच्या खुर्चीवरच्या इस्त्रीवाल्याच्या डोक्यावरचं तेल होतं.

स्टेजवर पांढऱ्या बशीत एका बाईची गोळी मोडून ठेवली होती. थेंबबाबांनी काचेच्या नळीतून सोनेरी पाण्याचा एकच थेंब तिच्यावर सोडला. गोळी आधी निळी पडली, मग जांभळी, मग शाई सांडावी तशी काळीकुट्ट.

"बघा!" थेंबबाबा माईक गिळतील असे गरजले. "हे तुमचं औषध! वरून कीर्तन, आतून तमाशा! ताई, किती वर्षं घेताय ही?"

"नऊ," बाई रडकुंडीला आली.

"नऊ वर्षं, रोज एक! अहो, चालताबोलता विषाचा डबा झालात तुम्ही! आणि डॉक्टर काय म्हणतो? रिपोर्ट चांगला आहे! चांगला असणारच, त्याच्या दृष्टीनं!"

सभागृह खो खो हसलं. मग बाबांनी स्वतःची दिव्यवटी बशीत ठेवली, तिच्यावरही थेंब सोडला. वटी होती तशीच राहिली. टाळ्यांनी पत्रे हादरले. एखाद्याची गोळी काळी झालीच नाही, तर बाबा गंभीर होऊन सांगायचे, "हिचं विष खोल आहे, थेंबासमोर यायला लाजतंय." म्हणजे गोळी काळी झाली तरी बाबा खरे, आणि नाही झाली तरी बाबाच खरे.

इस्त्रीवाला मागे वळला. "बघितलंत ना आत्या? पाच आठवडे झाले, साखरेची गोळी सोडली मी. आणि बाबांचा झगा बघा, त्याला इस्त्री मीच करतो. अशी खळ घालतो, की बाबा आतून निघून गेले तरी झगा उभा राहील!"

"निघून गेले की मला कळवा," लॅबआत्या म्हणाली.

लॅबआत्या ही इमारतीतल्या कुणाचीच आत्या नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कची ती धाकटी बहीण. एका शाळेच्या प्रयोगशाळेत तिनं एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दर वर्षी सातवीच्या पोरांसाठी ती बटाट्याच्या चकत्या कापायची, त्यांच्यावर सोनेरी पाण्याचा थेंब टाकायची आणि चकत्या काळ्यानिळ्या झाल्या की पोरं "आऽऽ" करायची. आज तोच "आऽऽ" तिनं पेन्शनवाल्यांच्या तोंडून ऐकला होता. बाबांच्या अंगठ्यावरचा तपकिरी डागही तिच्या ओळखीचा होता. तो तिच्या स्वतःच्या बोटांवरून निवृत्तीनंतरच गेला होता.

उठून चार शब्द सुनवावेत असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण शेजारी वहिनी बसल्या होत्या, आणि वहिनींचा चेहरा नुसता उजळला होता.

"वन्सं, हसू नका हं," वहिनी कुजबुजल्या. "पुढच्या रविवारी माझा औषधत्याग आहे."

औषधत्याग म्हणजे स्टेजच्या कडेला ठेवलेल्या निळ्या पिंपात आपली सगळी औषधं ओतायची आणि पुन्हा शिवणार नाही अशी शपथ घ्यायची. वहिनींना रक्तदाब, साखर आणि थायरॉइड असे तीन पाहुणे कायमचे वस्तीला होते. शपथ बाकी होती, पण गोळ्या त्यांनी बारा दिवसांपूर्वीच सोडल्या होत्या. ते ऐकताच लॅबआत्याला जुनी गोष्ट आठवली. याच वहिनींच्या थोरल्या बहिणीनं रक्तदाबाची गोळी मनानं बंद केली होती. एका सकाळी ती न्हाणीघरात पडली, ती दीड वर्ष अंथरुणाला खिळली आणि तिथूनच गेली.

घरी आल्या आल्या लॅबआत्यानं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून जखमेवर लावायचं आयोडीन आणलं, पेल्यात पाणी घालून पातळ केलं आणि ओट्यावर बटाटा कापला. थेंब टाकला. बटाटा काळानिळा.

"वहिनी, या बटाट्याला किती वर्षांचं विष चढलंय?"

वहिनींनी बटाटा उलटसुलट करून पाहिला. बाई काही खुळ्या नव्हत्या. चाळीस वर्षं त्यांनी शिवणाचा क्लास चालवला होता, कापड हातात घेताच त्यात किती भेसळ आहे ते सांगायच्या.

"बरं. थेंब खोटा," त्या म्हणाल्या. "पण माझी चक्कर तर खरी होती ना? दोन महिने भोवऱ्यासारखी फिरत होते मी. उठलं की अंधारी. मंडईत भर गर्दीत बटाट्याच्या पोत्यावर बसले, तेव्हा तुमचा आयोडीनवाला बटाटा आला का मला धरायला? बाबांनी गोळ्या सोडायला लावल्या आणि चौथ्या दिवशी चक्कर बंद! ती कुणी बंद केली? सांगा."

बाबाचं ढोंग फोडायला लॅबआत्याला एक बटाटा पुरला होता, पण वहिनींची चक्कर बटाट्यात मावत नव्हती.

तिनं दाब मोजायचं यंत्र आणलं. वरचा आकडा एकशे ब्याण्णव, खालचा एकशे आठ. पुन्हा मोजला, तेच.

"डोकं दुखतंय का?"

"थोडं. परवापासून. ते विष निघताना दुखतंच, बाबा म्हणाले."

लॅबआत्यानं तिथल्या तिथं वहिनींच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "आजच्या आज घेऊन या," त्या म्हणाल्या, "उद्यावर टाकू नका."

"नाही येणार," वहिनींनी पलंगाच्या कडेला पाय रोवले. "त्यांच्याच गोळ्यांनी मी गरगरले. का गरगरले ते कुणीतरी सांगा, मग येते. तोवर जबरदस्ती कराल तर माझी शपथ आहे."

आता काय करावं? लॅबआत्या बाहेरच्या खोलीत आली. तिथं हेडक्लार्क दादा हाताची घडी घालून, परीक्षेचा निकाल लागायच्या आधी बसतात तसा बसला होता.

"दादा, वहिनींच्या गोळ्या कोण बघतं?"

दादाची मान ताठ झाली. "मी. बघ, नोंदवही आहे."

नोंदवही कसली, सरकारी दप्तरच होतं ते! जाड पुठ्ठा, लाल कापडी पाठ, वर अक्षर: 'औषध आवक-जावक'. आत आखलेले रकाने: वेळ, रंग, आकार, शिल्लक, शेरा. रोजच्या प्रत्येक गोळीपुढे बरोबरची खूण. वहिनींनी गोळ्या सोडेपर्यंतच्या दोन महिन्यांत एकही गोळी चुकलेली नव्हती. हीच तर भानगड होती.

"चक्कर कधीपासून?" लॅबआत्यानं विचारलं.

दादानं बोट फिरवलं. शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात नोंद होती: 'सौ. मंडईत पोत्यावर बसल्या. कारण अज्ञात.' लॅबआत्याची नजर तिथून चार ओळी वर गेली. 'पांढरी, गोल. सकाळ. बदलीवर हजर.'

"हे 'बदलीवर हजर' काय आहे?"

"ती रक्तदाबाची गुलाबी गोळी गं. दुकानात मिळेना. दुकानदार म्हणाला, साहेब, ही बदली गोळी घ्या. घेतली."

"मग गुलाबी बंद केलीस ना?"

"बंद कशी करणार? घरात तिच्या ऐंशी शिल्लक होत्या. मी तीन महिन्यांचा साठा ठेवतोच."

"म्हणजे रोज दोन्ही?"

"अगं, तुला ऑफिसचं काय कळणार!" दादा समजावणीच्या सुरात आला. "बदलीवर नवा माणूस हजर झाला, म्हणून जुना त्याच दिवशी टोपी घालून निघतो का? चार्ज द्यायला नको? काही दिवस दोघं एकाच टेबलावर बसतात. चौतीस वर्षं मी हेच बघितलंय."

"आणि हा चार्ज किती दिवस चालला?"

"जुना साठा निकाली निघेपर्यंत..." दादा म्हणाला, आणि 'पर्यंत' म्हणताना त्याचा आवाज खाली बसला.

लॅबआत्यानं कपाटातून दोन्ही पाकिटं काढली. एकावर मोठ्या निळ्या अक्षरात एक नाव, दुसऱ्यावर मोठ्या हिरव्या अक्षरात दुसरंच. ती नावं कंपन्यांनी ठेवलेली होती. त्यांच्या खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत औषधाचं खरं नाव होतं. तिनं भिंग घेतलं आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं, आधी गुलाबीचं, मग पांढरीचं. अक्षरं तीच, आकडा तोच, मिलिग्रॅम तेच.

"दादा, ही दोन माणसं नाहीत. एकच माणूस आहे, सदरा बदलून आलाय."

दादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ती मुंगीची अक्षरं स्वतः वाचली. मग तो उठून आतल्या खोलीत गेला. ऑफिसात असताना त्यानं कुठल्याही चुकीला 'नजरचूक' याच्यापुढे कधी जाऊ दिलं नव्हतं.

"चूक माझी आहे," तो पलंगाजवळ उभा राहून म्हणाला. "तुला दोन महिने रोज दुप्पट गोळी दिली. मी रंग लिहीत बसलो, नाव वाचलंच नाही. चक्कर विषाची नव्हती. माझी होती."

वहिनींचा पारा चढला, आणि तो यंत्रानं दाखवलेल्या आकड्याहून वर चढला.

"वन्सं, यांना म्हणावं, मी माणूस आहे, टेबल नाही चार्ज द्यायला-घ्यायला! बाई पोत्यावर बसली, तर यांनी ते वहीत लिहून ठेवलं! अहो, कारण अज्ञात म्हणे! कारण शेजारी पेन घेऊन उभं होतं!"

एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले, पर्स उचलली आणि चपला पायात सरकवल्या. "चला डॉक्टरीणबाईंकडे. बाबाचं मग बघते."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि कपाळावर हात मारला. औषध दुप्पट जात होतं म्हणून दाब गरजेपेक्षा खाली उतरत होता आणि उठलं की चक्कर यायची. सगळंच सोडल्यावर चक्कर गेली खरी, पण दाबही मोकाट सुटला. "मीही तुम्हाला 'नियमित घेता का' एवढंच विचारलं," त्या म्हणाल्या. "काय घेता ते पाकिटासकट बघायला हवं होतं." गुलाबी गेली, पांढरी एकटी राहिली. साखरेची आणि थायरॉइडची पूर्वीसारखी सुरू झाली. रविवारपर्यंत वरचा आकडा एकशे शेहेचाळीसवर आला.

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. निळं पिंप अर्ध्याहून जास्त भरलं होतं. वहिनी गोळ्यांचा डबा छातीशी धरून स्टेजवर चढल्या. लॅबआत्या पिशवी मांडीवर घेऊन इस्त्रीवाल्याच्या मागे बसली. दादा शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून.

"या ताई, या!" बाबांनी हात पसरले. झगा कागदासारखा करकरला. "दोन महिने चकरा येत होत्या, बरोबर? आणि आता?"

"आता अजिबात नाही," वहिनींनी खरं ते सांगितलं. टाळ्या झाल्या. "बाबा, माझी एकच इच्छा आहे. आज थेंब माझ्या हातून पडू दे."

"टाका, टाका! भक्ताच्या हातून सत्य प्रकट होऊ दे!" बाबांनी रंगात येऊन काचेची नळी त्यांच्या हातात दिली.

वहिनींनी एक थेंब गोळीवर टाकला. गोळी काळी झाली, टाळ्या वाजल्या. दुसरा थेंब त्यांनी बाबांच्या पसरलेल्या बाहीवर टाकला.

टाळ्या मधेच विरल्या. पांढऱ्याशुभ्र बाहीवर एक काळानिळा डाग उमटला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बशीएवढा झाला.

"अगोबाई!" वहिनींनी गालावर हात ठेवला. "बाबा, तुम्हीपण गोळ्या घेता की काय?"

बाबा क्षणभर गडबडले. पण तो गडी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "भक्तहो!" त्यांनी बाही उंच धरली. "तुमचं विष आम्ही आमच्या अंगावर घेतोय! हा पुरावा!"

आणि सांगायला लाज वाटते, पण पहिल्या तीन रांगांनी टाळ्या वाजवल्या. माणसानं फसायचं मनावर घेतलं, की त्याला वाचवायला ब्रह्मदेवालाही सवड काढावी लागते.

ब्रह्मदेव आला नाही, पण इस्त्रीवाला उठला. त्याचा अपमान झाला होता.

"अहो, विष कसलं? खळ आहे ती! तांदळाच्या पिठाची, माझ्या हातची! काल संध्याकाळीच घातलीय. माझ्या खळीला विष म्हणायचं काम नाही, सांगून ठेवतो!"

आपण काय बोललो ते इस्त्रीवाल्याच्या स्वतःच्या कानांवर सगळ्यांत शेवटी पोचलं. "म्हणजे..." तो हळूच खुर्चीत बसला. "म्हणजे पाच आठवडे मी साखरेची गोळी सोडली, ती खळीपायी?"

लॅबआत्या पिशवी घेऊन वर गेली. तिनं टेबलावर बटाटा, पाव आणि खडीसाखर मांडली आणि बाबांच्याच नळीनं तिन्हींवर थेंब सोडला. बटाटा काळानिळा, पाव काळानिळा, साखर तशीच.

"हे सत्यजल म्हणजे जखमेवर लावायचं आयोडीन, पाणी घालून पातळ केलेलं," ती शाळेतल्या आवाजात म्हणाली. "पिठाला लागलं की काळंनिळं होतं. पीठ तांदळात आहे, बटाट्यात आहे, खळीत आहे. आणि गोळीत औषध असतं चिमूटभर, ते एकत्र धरून ठेवायला बहुतेक गोळ्यांत पीठ घालतात. जिच्यात नसतं, तिचं विष बाबांच्या मते खोल असतं! दिव्यवटी का काळी होत नाही ते चाटून बघा, साखर आहे. हा सगळा चमत्कार सातवीच्या पुस्तकात आहे. आठवीत गेलेल्या माणसानं त्याला फसायचं काही कारण नाही."

लोक हसले, पण नऊ वर्षं गोळी घेणारी ती बाई उभी राहिली. "पण मला बरं वाटलं, त्याचं काय?"

"मलाही वाटलं होतं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी माईक घेतला आणि सगळं सांगितलं. बदली सांगितली, चार्ज सांगितला, पोतंही सांगितलं. मागच्या भिंतीजवळ दादानं मान खाली घातली, पण तो तिथून हलला नाही. "मला का बरं वाटलं ते कळायला दोन पाकिटं शेजारी ठेवावी लागली. तुम्हाला का वाटलं, ते तुमची पाकिटं आणि तुमचा डॉक्टर सांगेल. थेंब नाही सांगणार. तुमच्या गोळीचं नाव काय हो, ताई?"

"माझी?" बाई गोंधळली. "ती पांढरी."

"तुमची?"

"लांबट आहे. मधे रेघ."

"जेवणानंतरची," कुणीतरी मागून ओरडलं.

"शाब्बास!" वहिनी म्हणाल्या. "घरातल्या मांजराला नाव असतं. आणि जिच्यावर आपला जीव टिकलाय, तिला आपण म्हणतो ती पांढरी!"

यापुढचं दृश्य बघायला बाबा थांबले नाहीत. मागच्या दारानं गेले, आणि झगा काही उभा राहिला नाही, त्यांच्याबरोबरच पळाला. इकडे दीडशे माणसं निळ्या पिंपाकडे धावली. "ही माझी पांढरी!" "सोडा, ती माझी, माझीवर पण रेघ आहे!" आत्ताच ऐकलेलं शहाणपण पिंपापर्यंतही टिकलं नव्हतं. लॅबआत्यानं झाकण दाबलं आणि पदर खोचून सरळ त्याच्यावर बसली.

"यातली एक गोळी कुणाला मिळणार नाही! घरी जा, उरलेली पाकिटं पिशवीत भरा आणि उद्या सकाळी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. जुनं-नवं, मामानं दिलेलं, शेजारणीनं सुचवलेलं, सगळं. आणि इस्त्रीवाले, तुम्ही उद्या नाही, आत्ता निघा."

इस्त्रीवाला निघालाही. त्याला धरून न्यायला दादा पुढे झाला.

त्या आठवड्यात दादानं नवीन नोंदवही आखली. रंगाचा रकाना राहिला, पण शेवटी, कोपऱ्यात. पहिला रकाना औषधाच्या खऱ्या नावाचा, मग किती मिलिग्रॅम, कशासाठी, कधी, कुणी सुरू केलं, आणि त्याच्या जागी काय बंद झालं. जुन्या वहीत शेवटची नोंद होती: 'गुलाबी गोळी आज कार्यमुक्त. शेरा: चूक माझी.' खाली सही, तारखेसकट.

नव्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत त्यानं बहिणीकडून विचारून दोन वाक्यं लिहिली. आपणही ती लिहून ठेवायला हरकत नाही, कारण थेंबबाबा गेले तरी कुणी फुंकरबाबा, कुणी अंगठीबाबा वाटेत असणारच. 'काळं झालं म्हणता, मग आणखी कशावर टाकून पाहिलंत? बरं वाटलं म्हणता, मग त्या दिवसांत आणखी काय बदललं होतं?'

वहिनींनी ते वाचलं, दादाच्या खिशातलं पेन काढलं आणि खाली स्वतःच्या हातानं तिसरं वाक्य लिहिलं.

'आणि नवीन आलं असेल, तर जुनं गेलं का?'